एक डावीकडे, दोन उजवीकडे

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला परवानेनं जेवणाच्या टेबलापाशी थांबून तो प्रश्न विचारला नसता, तर सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं असतं. नीलिमा आली असती, बहीणभावांनी चित्राचा एकेक कागद उचलला असता, रविवारी आईचं वर्षश्राद्ध झालं असतं, आणि गुरुदत्त बोडसांनी पंचेचाळीस वर्षं सांभाळलेला राग तसाच सांभाळत उरलेलं आयुष्य काढलं असतं.

मुलगा यतिन आत्याला आणायला विमानतळावर गेला होता. सून कौमुदी उद्याच्या तयारीसाठी इंडियन ग्रोसरीत काळे तीळ शोधायला. आषाढातली ती मेलबर्नजवळच्या टार्निटची थंडी गुरुदत्तांच्या हाडात शिरलेली. मफलर गुंडाळून, हीटरचा झोत पायावर येईल अशा बेतानं खुर्ची ओढून ते टेबलाशी बसले होते. समोर धुतलेली चादर, आणि तिच्यावर अण्णांच्या चित्राचे दोन कागद. चौकट पुण्यातल्या घरीच राहिली. ती काच विमानाच्या तेवीस किलोंत बसवणं काही शक्य नव्हतं.

डावीकडच्या कागदावर घोडेस्वार. आकाश सोनेरी, खडक गुलाबी, आणि त्या खडकांत नीट पाहिलं की माणसांचे चेहरे दिसायला लागत. घोडा डावीकडे तोंड करून भरधाव निघालेला, मागे धुळीचे लोट. स्वारानं पुढे धरलेला भाला कागदाच्या कडेपाशी मध्येच संपलेला. उजवीकडच्या कागदावर किल्ला. निळ्या फरश्या, बुरुजावर हात उंचावलेला पहारेकरी, खिडकीत हिरव्या वस्त्रातली एक बाई. आणि या कागदाच्या उजव्या कडेला, कशाशी काही संबंध नसलेला, बोटाच्या पेराएवढा लाल ठिपका. लहानपणी नीलिमा त्याला मिरची म्हणायची. मग घरात सगळेच म्हणायला लागले.

दोन्ही कागदांच्या माथ्यावर फारसीत दोन-दोन ओळी. त्या घरात कुणालाच वाचता येत नव्हत्या, आणि कुणाला अडलंही नव्हतं. चित्रात काय चाललंय ते आईनं एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्यातच सांगून टाकलं होतं. खिडकीकडे बोट करून म्हणाली होती, "ही मी." आणि घोड्याकडे, "आणि हा चालला."

परवाने पुढच्या खोलीतून कामाच्या बुटांची नाडी बांधत बाहेर आली. यंदा मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांचे असे लोंढे येऊन थडकले होते, की एकेका खोलीच्या इन्स्पेक्शनला रस्त्यापर्यंत रांग लागे. इस्फहानहून आलेली ही मुलगी तीन आठवडे कुणाच्या तरी सोफ्यावर झोपत होती. कौमुदीला ती युनिव्हर्सिटीच्या नोटीसबोर्डापाशी भेटली आणि कौमुदीनं तिला घरीच आणलं. यतिन कुरकुरला होता, पण दोन हजार आठ साली कुकरीचा कोर्स करायला आला तेव्हा एका खोलीत सहा जणांत त्यानंही दिवस काढलेले. फार कुरकुरायला त्याला तोंड नव्हतं.

ती टेबलापाशी थांबली आणि थांबलीच.

"अंकल, सो ब्यूटिफुल! हू मेड?"

"माय फादर," गुरुदत्त म्हणाले. "इन इस्फहान. ही वॉज ड्राफ्ट्समन. स्टील फॅक्टरी."

"माझ्या इस्फहानमध्ये?" असं काहीसं ती इंग्रजीत म्हणाली आणि ओढणी मागे टाकून खाली वाकली. थोड्या वेळानं तिच्या कपाळावर आठी पडली. "बट अंकल, व्हाय बॅकवर्ड?"

"बॅकवर्ड?"

"यू पुट द एंड फर्स्ट." तिनं हवेत पुस्तक उघडून दाखवलं, आपण उघडतो त्याच्या उलट्या बाजूनं. "अवर बुक. फर्स्ट पेज, राइट. देन लेफ्ट. मे आय?"

त्यांनी मान हलवली. तिनं नखांच्या टोकांनी घोडेस्वाराचा कागद उचलला, किल्ल्याचा डावीकडे सरकवला आणि स्वाराला किल्ल्याच्या उजव्या हाताला आणून ठेवलं. कडेला कड.

मिरची भाल्याच्या टोकाला जाऊन बसली. भाल्यावरचं लाल निशाण होतं ते. भाला कापलेला नव्हता. तो एका कागदावरून निघून दुसऱ्यावर पोचला होता, किल्ल्याच्या दाराच्या अगदी जवळ. आणि घोडा, पंचेचाळीस वर्षं किल्ल्याकडे पाठ करून पळणारा घोडा, तोंड जराही न वळवता खिडकीतल्या त्या बाईकडे दौडत निघाला होता.

"सी?" परवाने म्हणाली. "नाऊ ही इज कमिंग."

मग तिनं वरच्या ओळी बोट न लावता वाचल्या. राजांच्या जुन्या गोष्टींच्या धर्तीचं काहीतरी आहे, पण हे मी शाळेत शिकले नाही, म्हणाली. पहिल्या पानावर म्हटलंय, वाटेवर धूळ उठली. दुसऱ्यावर बुरुजावरचा पहारेकरी खाली ओरडतो, बाईसाहेब, डोळे पुसा, कुणीतरी येतंय. "युअर फादर्स हँडरायटिंग इज लाइक अ स्कूलबॉय," ती हसून म्हणाली. "व्हेरी केअरफुल." आणि तिची बस होती, वृद्धांच्या एज्ड केअरमधली शिफ्ट चुकवून चालणार नव्हतं, म्हणून जॅकेट चढवून ती निघूनही गेली.

गुरुदत्त बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी घोडेस्वाराचा कागद उलटा केला. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं त्यांना पाठ होतं, तरी पाहिलं. देवनागरीतला एक, आणि पुढे एकच शब्द: येतो. किल्ल्यामागे नुसता दोन.

तो शब्द आईनं वाचला होता तसाच त्या घरातल्या कुणीही वाचला असता. जातो कोण म्हणतं? अण्णा दर वेळी इराणला परत निघताना उंबऱ्याशी येऊन, ट्रंक टांग्यात चढली की हेच म्हणायचे. येतो. चार वर्षं आले नव्हते. पत्रं विरळ होत गेलेली. आणि मग कुणा ओळखीच्या माणसाबरोबर हे कागद, किल्ल्याकडे पाठ करून दौडणारा स्वार आणि मागे तो शब्द. आई म्हणाली, "दारातनं निघताना म्हणायचे तसंच. या खेपेला चित्रसुद्धा काढलंय." रडली नाही. "लाव चौकटीत. समोरच लाव, येता-जाता दिसू दे."

चौकट करून आणली ती गुरुदत्तांनी. वीस वर्षांचे होते. दुकानदारानं विचारलेलं त्यांना आजही ऐकू येत होतं: "कसं लावायचं, साहेब?" आणि त्यांनी कागद उलटे करून आकडे बघितले होते आणि खात्रीनं सांगितलं होतं, "एक डावीकडे, दोन उजवीकडे. मध्ये चार बोटं पुठ्ठा."

पुढे आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. फर्म्यात पान उलटसुलट लागलं तर लांबून ओळखायचे. लोक म्हणायचे, बोडसांच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही.

पण खरं ओझं ते नव्हतंच. चौकट आणली त्याच आठवड्यात त्यांनी अण्णांना पत्र लिहिलं होतं. निळं एअरोग्राम, तीन वाक्यं. चित्र मिळालं. अर्थ कळला. आता येऊ नका, आईला तुमची गरज उरलेली नाही. घडी घालून चिकटवण्याआधी दोनदा तपासलं. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. महिन्याभरात कारखान्याकडून कळलं की ताप आला, इस्पितळात नेलं, तिथंच सगळं उरकलं. पत्र पोचलं की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. तिकडे तेव्हा दंगलींत टपालही चालत-थांबत होतं म्हणे. आजवर त्यांनी स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती: पोचलं असलं तरी काय, जो निघूनच गेला त्याला येऊ नका म्हटल्यानं काय बिघडतं?

बाहेर गाडीचा आवाज झाला. गॅरेजचं दार घरघरत वर जायला लागलं. गुरुदत्तांनी घाईघाईनं कागदांची अदलाबदल केली. एक डावीकडे. दोन उजवीकडे.

*

"काय रे दादा, किती वाळलास! कौमुदी, याला खायला घालतेस की नाही?"

"घालते हो आत्या. पण बाबा पोळी मोजून खातात. अर्धी राहिली तर तिचं काय करायचं, म्हणून विचार करत बसतात."

"तो लहानपणापासून तसाच." नीलिमानं कोट उतरवला, मफलर उतरवला, हातमोजे काढले. कॅनबेरातल्या गुंगालिनच्या थंडीला सरावलेली, तरी सगळं चढवून आली होती. चोपन्नाव्या वर्षीही ती खोलीत शिरली की खोलीतलं सामान थोडं सरकल्यासारखं वाटे. "आमच्याकडे आज सकाळी उणे चार होतं. तुमचं हे काहीच नाही. चहा टाक गं, आलं जरा जास्त."

टेबलाकडे नजर गेली तशी ती चहाचं विसरली. जवळ आली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"काचेशिवाय पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली. "रंग किती ओले वाटतात रे. अण्णांनी लिहिलं होतं, आठवतं? मांजरीच्या पिल्लाचे केस घेऊन कुंचला करतात. मी शेजारच्या मनीमागे कात्री घेऊन धावले होते."

"आठवतं."

"आणि माझी मिरची." तिनं बोट ठिपक्यावर नेलं आणि अलगद मागे घेतलं.

गुरुदत्तांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

यतिननं चहाचे कप आणले. तो बसच्या डेपोत रोस्टर लावायचा. चार माणसं आणि दोन कामं दिसली की त्याला आपोआप वाटणी सुचायची. "आत्या, फ्लाइट उद्या सहाची आहे ना? मग हे आत्ताच पॅक करून टाकू. ऑफिसवर्क्समधून कडक फोल्डर आणलाय मी. आजीनं सांगितलं तसं, वन ईच. फेअर."

"आई म्हणाली होती दोघांत वाटून घ्या," नीलिमा म्हणाली. "कुणी कुठला, ते नव्हती म्हणाली."

"ते काय, ठरलेलंच आहे," यतिन म्हणाला. "बाबा आजीच्या बाजूचे, तू आजोबांच्या. तुला घोडा, बाबांना किल्ला."

"ऐक! बाजूचे म्हणे!" कौमुदीनं त्याच्याकडे डोळे वटारले. "मॅच लागलीये का?"

"मला घोडाच हवाय," नीलिमा म्हणाली. "यतिन बोलला ते खोटं नाही. पण त्याआधी एक बोलायचंय मला. दादा, गुरुजींचा फोन आला होता."

गुरुदत्तांनी चष्मा पुसणं चालूच ठेवलं.

"तू त्यांना म्हणालास, वडिलांचं नाव घ्यायचं नाही. ते बिचारे आठवडाभर बँकेत कॉम्प्युटर सांभाळतात आणि रविवारी लोकांची श्राद्धं करतात. मला म्हणाले, ताई, तर्पण वडिलांपासून सुरू होतं, मी वरून दुसऱ्या पायरीवर उडी कशी मारू?"

"आजोबांपासून करा म्हटलं मी."

"आजोबा कुणाचे वडील होते, दादा?"

यतिनला हसू आलं आणि त्यानं ते चहात बुडवलं.

"इतकी वर्षं आई होती," नीलिमा म्हणाली. "तिच्यासमोर मी हा विषय काढला नाही. तिचा नवरा, तिचं दुखणं. पण आता ती नाही. उद्या तिला पाणी देशील, आणि त्यांना नाही? असे काय गुन्हे केले रे त्यांनी? लांब नोकरी केली. तशी ती मीही करते. यतिनही करतो."

"आत्या, तसं नाही," यतिन म्हणाला. "आम्ही फोन करतो. दर वर्षी जातो."

"पंचवीस डॉलरचं सिमकार्ड नव्हतं तेव्हा."

"पण चित्र पाठवून सांगायचं, मी चाललो? हे जरा..."

"यतिन," कौमुदी हळूच म्हणाली. "तू नऊ वर्षांचा असतास आणि तुझे बाबा गेले असते, तर तुलाही त्यांच्यासाठी कुणाशी तरी भांडावंसं वाटलं असतं."

नीलिमानं भाचेसुनेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या घरातलं कुणी तिच्या बाजूनं पहिल्यांदाच बोललं होतं.

"मी भांडत नाहीये," ती म्हणाली, आवाज उतरवून. "दादा, तू आईजवळ राहिलास, तिचं सगळं केलंस, मी इथं. मला बोलायचा हक्क कमीच आहे. नको घेऊस नाव. मी माझा घोडा घेऊन जाते. घरी जाऊन त्याच्यासमोर दिवा लावीन, झालं."

तिनं घोडेस्वाराचा कागद उचलला. कौमुदीनं फोल्डर उघडून धरला, मध्ये घालायला बटर पेपर घेतला.

गुरुदत्त बघत होते. काही बोलायचं नव्हतं, म्हणजे बोलायची गरजच नव्हती. एक कागद कॅनबेराला जाईल, दुसरा पुण्याला. पुन्हा कधी ते कडेला कड लागणार नाहीत. मिरची मिरचीच राहील. नीलिमा आपल्या मनातल्या अण्णांसमोर दिवा लावील, आणि ते अण्णा, तिनं कितीही माया केली तरी, शेवटी घर सोडून चाललेलेच असतील. ती माफ करतेय त्यांना, गुरुदत्तांच्या मनात आलं. जे त्यांनी केलंच नाही, त्याची माफी.

"नीलू, थांब."

"काय?"

"तो कागद इकडे ठेव. नाही, या बाजूला. माझ्या उजव्या हाताला."

"आता काय, तुला घोडा हवा?"

"ठेव म्हणतो ना."

त्यांचा आवाज त्या घरात कधी चढत नसे; यतिनसुद्धा कप खाली ठेवून उठला. नीलिमानं कागद ठेवला. गुरुदत्तांनी किल्ला डावीकडे घेतला आणि दोन्ही हातांनी स्वाराची कड किल्ल्याच्या कडेला भिडवली.

मग कौमुदीनं आधी "अय्या" म्हटलं, आणि नीलिमा वाकली. ती भाल्याच्या टोकाशी नाक नेऊन बघत राहिली.

"माझी मिरची," ती म्हणाली. मग, "दादा, हा तर येतोय."

"फारसी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. परवाने म्हणाली दुपारी. एक उजवीकडे, दोन डावीकडे. वरती लिहिलंय तसं, वाटेवर धूळ उठली, कुणीतरी येतंय." गुरुदत्तांनी कागद उचलून मागची बाजू तिच्यासमोर धरली. "येतो. नीलू, त्यांना येतोच म्हणायचं होतं. निरोप नव्हता तो. ते यायला निघणार होते, आणि आपण वाचलं ते..."

"आईनं वाचलं."

"चौकट मी केली. दुकानदारानं विचारलं होतं मला."

"तुला काय माहीत असणार? वीस वर्षांचा घोडा होतास." आणि स्वतःच बोललेल्या शब्दावर ती हसली, आणि हसता हसताच तिनं तोंडावर हात धरला. "आई इतकी वर्षं... दादा, आई रोज बघायची रे."

"हो."

"आता हे नाही वाटायचं," कौमुदी म्हणाली. तिनं फोल्डर मिटला. यतिननं मान हलवली. त्याची वाटणी मोडली होती आणि त्याला ते चाललं होतं.

इथंच थांबता आलं असतं. नीलिमाचा हात गुरुदत्तांच्या खांद्यावर होता. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका समासात खूण करून दाखवलेल्या माणसाला स्वतःची एक दाबून ठेवून अर्ध्याच दुरुस्तीचं मुद्रित पुढे पाठवता येईना.

"मी त्यांना पत्र लिहिलं होतं," ते म्हणाले. "चित्र आल्यावर. येऊ नका म्हणून. आईला तुमची गरज नाही म्हणून. आईला माहीत नव्हतं. कुणालाच."

यतिननं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपल्या बापाला पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं.

"पोचलं असेल तर," गुरुदत्त म्हणाले, "ताप आला असताना ते हातात असेल. एवढंच मी... तर्पणाला त्यांचं नाव कुठल्या तोंडानं घेऊ? मी रागानं घेत नाही असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं, दुपारपर्यंत."

नीलिमाचा हात खांद्यावरून निघाला. ती खुर्ची ओढून बसली. चादरीची सुरकुती सारखी करत राहिली.

"निळं," ती शेवटी म्हणाली. "घडीचं. कडेला लाल-निळे पट्टे असलेलं?"

"तुला कसं..."

"तूच दिलंस माझ्याकडे. शाळेत जाता जाता पेटीत टाक म्हणून. बाजीरावाच्या... नाही, त्या गिरणीजवळच्या पेटीत. माझा हात पोचायचा नाही, उडी मारून टाकलं मी."

गुरुदत्तांनी डोळे मिटले. ते हे साफ विसरले होते. विसरले नव्हते, तो भाग त्यांनी आठवायचा टाळला होता.

"मग त्यात माझाही हात आहे, दादा."

"तू नऊ वर्षांची होतीस. तुला काय ठाऊक आत काय आहे."

"आतलं नव्हतं ठाऊक. चिकटवलेलं होतं." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वर येत होतं, रडू की हसू ते कळेना. "पण मला वाटलं, दादानं लिहिलंय, माझं काहीच नाही त्यात. अण्णांना वाईट वाटेल. म्हणून मी पेटीशी उभी राहून मागे लिहिलं. जिथे पाठवणाऱ्याचं नाव लिहितात ना, त्याच्याखाली. पेन्सिल होती दप्तरात."

"काय लिहिलंस?"

"अण्णा, किल्ल्याच्या शेजारी मिरची का काढली?"

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग कौमुदीला समजलं, आणि तिनं पदर नसताना पदराला हात घालावा तसा ओढणीला हात घातला.

"म्हणजे त्यांना कळलं असेल," ती म्हणाली. "आत्या, पत्र पोचलं असेल तर त्यांनी ते आधी वाचलं असेल. बाहेरच होतं ना? किल्ल्याशेजारची मिरची. त्यांना लगेच कळलं असेल की यांनी कागद उलटे लावलेत. म्हणून यांना वाटलंय मी चाललो."

"आणि मग आतलं," नीलिमा म्हणाली.

"आणि मग आतलं. पण कारण कळल्यावर."

"पोचलं असेल तर," गुरुदत्त म्हणाले.

"हो," नीलिमा म्हणाली. "पोचलं असेल तर. आपल्याला कधीच कळणार नाही, दादा. पण पोचलं असेल, तर दोन्ही पोचलं. तुझं एकटं नाही."

ती उठली, दोन्ही कागदांकडे पाहिलं, आणि मग एकाएकी तिला हसू फुटलं. जोरात, पोटातून. "मिरची! काय म्हणाले असतील रे? एवढा जीव ओतून, मांजरीच्या केसांनी निशाण रंगवलं, आणि पोरगी विचारते मिरची का काढली!"

गुरुदत्तांनाही हसू आलं. हसताना चष्मा ओला झाला. तो त्यांनी आता पुसला नाही.

*

रविवारी सकाळी गुरुजी आले ते बूट काढता काढता गुडघ्यांना शिव्या घालत. घरात धूर झाला की स्मोक अलार्म कोकलतो म्हणून गॅरेजमध्ये गाडी बाहेर काढून, काँक्रीटवर चटई घालून मांडणी केली होती. एका बाजूला आईचा फोटो. फळीवर, मागे भिंतीला टेकवून, कडक पुठ्ठ्यावर अण्णांचे दोन्ही कागद, उजवीकडे स्वार, डावीकडे किल्ला. परवाने दारात मोजे घालून उभी होती. तिला बघायचं होतं, आणि कौमुदीनं तिला शाल दिली होती.

आईचं झालं. मग गुरुजींनी घसा साफ केला, कागदावर पाहिलं आणि जरा बिचकत विचारलं, "काका, पुढचं... आजोबांपासून घेऊ ना?"

"नाही," गुरुदत्त म्हणाले. "वडिलांपासून. बाळकृष्ण विष्णू बोडस."

गुरुजींनी नीलिमाकडे एक नजर टाकली. ती पाण्याचं भांडं हातात घेऊन खाली बघत होती. त्यांनी काही विचारलं नाही. दर्भ दिला, तीळ दिले.

"छान. आता आधी त्यांना बोलवायचं, काका. आवाहन. संस्कृत मी म्हणतो, तुम्ही माझ्यामागून म्हणा. जमलं नाही तर नुसतं मनात मराठीत म्हणा, चालतं. त्यांना समजतं."

गुरुजी म्हणू लागले. गुरुदत्तांना शब्द ओळखीचे होते, कित्येकदा छापील रूपात तपासलेले. पण घशातून एकही निघेना. बाहेर कुंपणावर एक कावळा ओरडत होता, इथल्या कावळ्यांच्या त्या लांबट, रडक्या आवाजात. गॅरेजच्या उघड्या दारातून रस्ता दिसत होता. वाऱ्यानं पलीकडच्या अर्धवट बांधलेल्या घरांपाशी धूळ उठत होती.

गुरुजी थांबले. वाट पाहत राहिले.

गुरुदत्तांनी ओंजळ पुढे केली. पाणी बोटांमधून गळत होतं.

"या, अण्णा," ते म्हणाले.